कोण गेलं ते आधी

हर्षाबेनचा फोन आला तेव्हा मी बडोद्यात, मांजलपूरला माझ्या घरी गवार मोडत बसले होते. हर्षाबेन म्हणजे फतेगंजला माझ्या धाकट्या भावाच्या, श्रीरंगच्या, समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी शेजारीण. एरवी ‘केम छो, मजामां’ची पाच मिनिटं झाल्याशिवाय ती मुद्द्यावर येत नाही. त्या सकाळी एवढंच म्हणाली, तुम्ही या. “बेन, तमे आवी जाव.” मी विचारलं, “शुं थयुं?” तर पुन्हा तेच, “तमे आवो ने, बेन...” आणि फोन बंद. रिक्षात बसल्यावर रडू यायच्या आधी मला हर्षाबेनचा राग आला. हा कसला निरोप? काय झालं ते नाही, कोणाला झालं ते नाही. श्रीरंगने हे वाक्य जागच्या जागी नापास केलं असतं, असं मनात आलं आणि मग मात्र मला आवरेना. रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेतली, स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली आणि काही न विचारता पुन्हा निघाला.

श्रीरंगला घरात आम्ही रंगा म्हणत असू. तो गेल्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्याविषयी लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, चार बरे शब्द मला जमले असते. प्रश्न शब्दांचा नव्हता. रंगाला आपण जाणार हे ठाऊक होतं. ते त्याला मी सांगितलं होतं. पण त्याला ठाऊक आहे हे त्याच्या बायकोला, वैशालीला, ठाऊक नव्हतं, आणि ते तिला कधी कळू देणार नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. आता ही गोष्ट टाळून त्याच्याविषयी लिहायचं म्हणजे गोडबोली शोकसभा. आणि लिहायची तर दिलेला शब्द मोडायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आज मी लिहिते आहे, तेव्हा शब्द मोडला हे उघडच आहे. कसा आणि का मोडला, तेवढं सांगते.

रंगा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आमचे वडील रेल्वेत होते, बडोद्यात बदली होऊन आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि भांडताना दोन्ही, अशी आमची भाषा. शहराजवळच्या बाजव्याच्या एका कारखान्यात रंगा यंत्रं चालवणारे प्रोग्राम लिहायचा. पण त्याचा जीव दुसरीकडेच होता. जगभरचे प्रोग्रामर फुकट वापरतात अशा एका डीबगरवर तो नोकरी सांभाळून, हौसेने काम करायचा. नोकरी सोडल्यावर तर दिवसभर तेच. “यातून मिळतं काय रे तुला?” असं मी विचारलं की म्हणायचा, “तू गल्लीतल्या पोरांचे निबंध फुकट तपासतेस, त्यातून तुला काय मिळतं?”

डीबगर म्हणजे काय ते मला समजावताना त्याने लग्नाचं स्वयंपाकघर घेतलं होतं. प्रोग्राम म्हणजे ते स्वयंपाकघर. त्यात चार आचारी एकाच वेळी आपापलं काम करतात, ते थ्रेड. कुठेतरी मीठ दोनदा पडतंय, पण कोण टाकतंय ते कळत नाही. मग तू दारात एक माणूस उभा करतेस आणि त्याला सांगतेस, तिसऱ्या आचाऱ्याने मिठाच्या बरणीला हात घातला की सगळं थांबव आणि मला हाक मार. बाकीच्यांनी घातला तर घालू दे. दारातला माणूस म्हणजे डीबगर, आणि त्याला दिलेली ही सूचना म्हणजे एका थ्रेडपुरता ब्रेकपॉइंट. “आता समज,” रंगा म्हणाला, “तिसऱ्या आचाऱ्याचं काम उरकलं आणि तो पादरा गावी आपल्या घरी निघून गेला. सूचनेला अर्थ उरला नाही. डीबगर ती पुसून टाकतो. बराबर आहे. पण पुसली हे मला सांगायला नको? मी बाहेर खुर्ची टाकून हाकेची वाट बघतोय...”

ते सांगण्याचं काम एका ओळीच्या मेसेजचं होतं, आणि रंगाचं शेवटचं वर्ष त्या एका ओळीत गेलं. ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही यायचं.

मेसेज दुरुस्त करायची त्याची एक स्वतःची रीत होती आणि त्या रीतीत माझी नेमणूक होती. इंग्रजी वाक्य तयार झालं की तो मला फोन करायचा आणि ते मराठीत करून वाचून दाखवायचा. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, हीच माझी पात्रता. वाक्य ऐकून मी सांगायचं की मला काय समजलं. मी “म्हणजे?” म्हटलं की वाक्य नापास. “मग आता मी काय करू?” म्हटलं तरी नापास. मला आठवतं, पहिल्यांदा त्याने वाचलं, “ब्रेकपॉइंट काढला, थ्रेड यादीत नाही.” मी म्हटलं, “यादीत नाही म्हणजे? हरवला, की नाव लिहायचं राहिलं?” पलीकडे नुसता सुस्कारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, “थ्रेड तीन संपला, म्हणून ब्रेकपॉइंट दोन काढून टाकला.” मी म्हटलं, “हं. आता कळलं. कोण गेलं, आणि त्यामुळे काय गेलं.” तो एवढा खूष झाला की विचारू नका. “हेच, ताई, हेच! कोण गेलं ते आधी. त्यामुळे काय बदललं ते नंतर. माणसं उलटं सांगतात आणि ऐकणारा मधल्यामध्ये लटकतो.”

त्या मेसेजमध्ये दोन दुखणी होती. पहिलं नावाचं. दोन प्रोग्राम एकाच वेळी उघडले की प्रत्येक थ्रेडला दोन क्रमांक असतात, एक वापरणाऱ्याला पडद्यावर दिसणारा आणि एक डीबगरचा आतला, दप्तरी. मेसेज यायचा तो दप्तरी क्रमांक घेऊन. “म्हणजे बघ,” रंगा म्हणाला, “घरी फोन आला की श्रीरंग पडला, तर तू धावशील. पण फोनवर कोणी म्हणालं की अमुक नंबरचा कर्मचारी पडला, तर तू म्हणशील राँग नंबर.” हे त्याने लवकर निस्तरलं. दुसरं दुखणं चिवट होतं. थ्रेड संपला त्या क्षणी मेसेज यायचाच नाही. प्रोग्राम पुढे कधीतरी, दुसऱ्याच कशासाठी थांबला, की मग डीबगरला आठवण व्हायची आणि तो ओळ टाकायचा. प्रोग्राम थांबलाच नाही तर कधीच नाही. रंगाला हे सहन व्हायचं नाही. तो मवाळ माणूस, रिक्षावाल्याशी कधी घासाघीस केली नाही त्याने. पण यावर बोलताना आवाज चढायचा. “कोणीतरी बिचारा बसलाय स्क्रीनसमोर. ज्याच्यासाठी बसलाय ते केव्हाच संपलंय. आणि ह्याला माहीत असून हा गप्प!”

त्याच सुमाराला त्याला कावीळ झाली.

कावीळ म्हणून गेला आणि तपासण्यांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. पित्ताची वाट मोकळी करायला आत एक नळी बसवतो, कावीळ उतरेल, थोडे महिने बरे जातील, बाकी हाती काही नाही. डॉक्टरांच्या खोलीत वैशाली, पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा ओंकार आणि मी. पेशंटला सांगितलंय का, असं डॉक्टरांनी विचारलं, “पेशन्टने जणाव्युं छे?” वैशाली खुर्चीतून अर्धी उठलीच. “ना, ना साहेब. एमने कशुं नहीं कहेता.” त्यांना काही सांगू नका म्हणे. डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे हे असंच चालतं. गावाला सगळं ठाऊक, फक्त ज्याचं दुखणं त्याला सोडून.

बाहेर आल्यावर मी वैशालीशी वाद घातला. हा माणूस कोण आहे ते विसरलीस का, त्याला असं ठेवणार? ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, “ताई, माझ्या बाबांना सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, शिकलेले आहेत, सांगू या. त्या दिवसापासून बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवले नाहीत, बोलले नाहीत. माझ्याशीसुद्धा नाही हो... आजाराने नेलं त्याच्या कितीतरी आधी ते गेले होते. मला श्रीरंगला तसं बघायचं नाही. तुमच्या पाया पडते.” आणि खरोखरच वाकली, तिथे, दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, लोक ये-जा करत असताना. मी तिला धरून वर केलं आणि गप्प बसले.

मग आमचं नाटक सुरू झालं. स्वादुपिंडाला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल, हे वाक्य ठरलं. ओंकारने पाठ केलं, हर्षाबेननेही केलं; ती बिचारी दारातूनच “सोजो छे, भाई, मटी जशे,” सूज आहे, जाईल, एवढं म्हणून पळायची, कारण तिचा चेहरा तिच्या ताब्यात नसायचा. नळीने कावीळ उतरली, रंगाच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला, तो दोन घास जास्त जेवू लागला आणि नाटक आणखी अवघड झालं. तो बरा होतोय असं त्यालाच वाटू लागलं तर? पण वजन उतरतच होतं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं तेव्हा वैशाली हसत म्हणाली, “चला, पोट गेलं एकदाचं.” आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून बसली. मला तो नळाचा आवाज अजून ऐकू येतो.

एका दुपारी वैशाली न्यायमंदिरापाशी बाजारात काही आणायला गेली आणि मी रंगाजवळ बसले होते. नेहमीसारखं त्याने एक वाक्य वाचून दाखवलं, मी पास केलं. मग लॅपटॉपवरून नजर न काढता तो म्हणाला, “ताई, आणखी एक आहे. ‘स्वादुपिंडाला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल.’ ऐकलंस? आता सांग, तुला यातून काय समजलं?”

मी म्हटलं, “रंगा, तू नेटवर...”

“नेटवर सगळं बघितलं. पण तिथे सगळ्यांचं लिहिलंय गं. माझ्यापुरतं कुठे आहे? ते माझ्याच कोणीतरी सांगायला हवं.” आता त्याने माझ्याकडे पाहिलं. “वाक्य पास की नापास?”

मी वैशालीला दवाखान्यात धरून उठवलं होतं. पण ज्या माणसाने मला वर्षानुवर्षं विचारलं की तुला समजलं का, त्याच्या तोंडावर मी खोटं पास म्हणू शकले नाही. मी म्हटलं, “नापास.” मग त्याने हळूच विचारलं, “बरोबर कर ना मग.” आणि मी केलं. कॅन्सर आहे, पसरलेला आहे, थोडे महिने. एवढंच. आवाज कापला नाही माझा, का कोण जाणे. वर्गासमोर उभी राहिल्यासारखी बोलले.

तो भिंतीकडे वळला नाही. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “बरं झालं.” आणि लगेच, “वैशालीला कळू देऊ नकोस. मला कळलंय ते.”

मला संतापच आला. “अरे, तूच ना तो? माहीत असून गप्प बसतो म्हणून त्या डीबगरला शिव्या घालणारा?”

“डीबगरचं काय, तो रडत नाही,” रंगा म्हणाला. “ताई, ती रोज सकाळी तोंड धुऊन, पावडर लावून, हसत चहा घेऊन येते. पूर्वी कधी पावडर लावायची नाही. मला कळू दिलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. ते काढून घेतलं तर कोसळेल. असू दे तिला. मी नाही कळल्यासारखा राहीन.” मी म्हटलं, तुझ्याने होणार नाही. तर म्हणे, “होईल. रोज जे करतो तेच करत राहायचं. मी मशीन सोडून तिच्याजवळ जाऊन बसलो, हातबित धरला, तर तिला पाच मिनिटांत कळेल. आमच्याकडे ती रीतच नाही.” आणि हसला. माझ्याकडून शब्द घेतला तो असा.

त्यानंतरचे महिने मला आठवले तरी नकोसे होतात. दोन माणसं एका घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि मी मधे बसून दोघांचं राखत होते. रंगा म्हणायचा, “उन्हाळ्यात ओंकारकडे पुण्याला जाऊन राहू गं महिनाभर.” वैशाली म्हणायची, “हो तर. आंबे तिथेच खाऊ.” आणि दोघंही माझ्याकडे बघायची, दुसरा फसला ना हे तपासायला. मी ताटातला भात चिवडत बसायची. घरी आल्यावर मला देवापुढे दिवा लावायचीही लाज वाटायची. काय मागू? कोणासाठी मागू?

आणि रंगा मशीनपाशी बसून होता. मेसेज वेळेवर यावा एवढा बदल त्याने करून पाठवला होता, पण परदेशातल्या ज्या माणसाने तो तपासायचा, त्याने कळवलं, टेस्टशिवाय घेणार नाही. त्यात त्याचं चुकलं नव्हतं, नियमच तसा. टेस्ट म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो मुद्दाम एक थ्रेड सुरू करतो, त्याच्यावर ब्रेकपॉइंट लावतो, थ्रेडला संपू देतो आणि मग बघतो, मेसेज आला का, एकदाच आला का, क्रमांक बरोबर का. पण थ्रेड आपल्या मर्जीने संपतात, मागे-पुढे होतं. त्यामुळे टेस्ट दहा वेळा पास व्हायची आणि अकराव्यांदा उगाच पडायची. कुठे पडते ते पकडायला रंगा ती पुन्हा पुन्हा चालायला लावून देई, सकाळपासून दुपारपर्यंत, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. मी विचारायची, त्रास होतो का रे बसून? तर म्हणायचा, “यात मला काही करायचं नसतं. ती आपली चालते. पडली तर एक ओळ येते.” पोटाशी उशी धरून तो त्या खुर्चीत बसलेला असे. दुखायला लागलं की डोळे मिटायचा, गोळीची वेळ झाली की वैशाली पाणी आणायची, ती आली की म्हणायचा, “चाललंय, चाललंय.” शेवटच्या आठवड्यात त्याला उचलून खुर्चीत बसवावं लागायचं. वैशाली म्हणायची, “पलंगावर पड ना. मी बसते शेजारी.” “हे संपू दे,” तो म्हणायचा. त्याने टेस्ट पाठवली. पाठवली आणि मग तो उठला नाही.

त्याचं काम स्वीकारल्याचं उत्तर आलं ते आम्ही अस्थी सोडायला चांदोदला जाऊन आल्यावर. ओंकारने ते मोबाइलवर वाचून दाखवलं. परदेशातल्या त्या माणसाने आभार मानले होते, टेस्ट उत्तम आहे म्हटलं होतं. त्याला काय ठाऊक? मग वैशाली म्हणाली, “याच्यासाठी?” एवढंच. पण तो प्रश्न तिच्या मनात घर करून बसला. ओंकार पुण्याला परत गेला, मी एक दिवसाआड फतेगंजला जाऊ लागले आणि दर वेळी ती तेच म्हणायची. “माझंच चुकलं, ताई. त्याला सांगितलं असतं तर त्याने ते मशीन बाजूला ठेवलं असतं. माझ्याजवळ बसला असता. मी त्याला कळू दिलं नाही आणि तो आपला तिथे... त्याला वाटलं, वेळ आहे. मीच वाटू दिलं.” जेवण सोडलं तिने. हर्षाबेन ताट घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची. “बेन, आ तो पोताने मारी नाखशे,” ही तर स्वतःला मारून टाकेल, असं तिने मला जिन्यात अडवून सांगितलं.

मी काय करायचं होतं? रंगाने शब्द घेतला तो वैशाली कोसळू नये म्हणून. आणि त्याच शब्दाने ती माझ्या डोळ्यांदेखत कोसळत होती. पण सांगितलं तर काय हाती येणार होतं तिच्या? हेच ना, की त्याला सगळं माहीत होतं आणि माहीत असूनही तो मशीनपाशीच बसला. हात धरला तर तिला कळेल, असं तो म्हणाला होता ते मी तिला सांगितलं असतं, पण ते तिला पुरलं असतं? मला स्वतःलाच पुरत नव्हतं. रंगा, तू मला कशात अडकवून गेलास रे... असं मी त्याच्या फोटोकडे बघून रागाने म्हणायची, आणि मग रडायची.

गेल्या आठवड्यात एका दुपारी वैशालीने पुन्हा तेच सुरू केलं आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, “वैशाली, त्याला माहीत होतं. मी सांगितलं होतं. नवरात्राच्या आधीच.” आणि मग सगळं सांगितलं. सूज नापास झाली ते, पावडरचं, हात धरला तर कळेल म्हणाला ते. कोण गेलं ते आधी, त्यामुळे काय बदललं ते नंतर, हे मी त्याच्याकडूनच शिकले होते, पण त्या वेळी क्रम कसला राहतो?

ती ऐकत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, जीभ तुटली असती तर बरं झालं असतं. “माहीत होतं?” ती म्हणाली. “माहीत होतं आणि तरी तिथे बसला? मी इथे तोंड रंगवून नाचत होते आणि तुम्ही दोघं...” ती उठली, हॉलच्या कोपऱ्यातल्या त्याच्या टेबलाकडे गेली. लॅपटॉप तसाच उघडा होता, वायर भिंतीत. “काढूनच टाकते हे,” म्हणाली. वायर टेबलाच्या मागे खाली अडकली होती, ती ओढायला म्हणून ती त्याच्या खुर्चीत बसली. त्याच्या माघारी त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. तिला घाम फुटला होता, म्हणून मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले.

बाहेर वायरीची ओढाताण थांबली. थोड्या वेळाने तिने वेगळ्याच आवाजात विचारलं, “ताई, ती टेस्ट चालू असायची तेव्हा त्याला काय काम असायचं?”

मी माठातून पाणी घेत आतूनच म्हटलं, “काही नाही गं. ती आपली चालायची. तो नुसता बसून असायचा.”

पेला घेऊन वळले तर वैशाली लॅपटॉपच्या वरून, स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून थेट माझ्याकडे बघत होती.

“तिथेच थांबा,” ती म्हणाली. “ओट्याकडे तोंड करा जरा. मी पोळ्या करताना उभी असते तशा.”

मला उलगडा झाला नाही, पण पेला खाली ठेवून मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. मग तिचा हुंदका ऐकू आला.

“सगळं दिसतं हो इथून,” वैशाली म्हणाली. “वळू नका... उभ्या राहा अजून थोडा वेळ.”

मी उभी राहिले.